गाडीची लेव्हल सांगितलीत, रस्त्याची कोण सांगणार?

जपानच्या फुकुई प्रांतात एइहेइजी नावाचं गाव आहे. तिथल्या झेन मठाकडे जाणाऱ्या एका जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी आता पायवाट आहे, आणि तिच्यावरून गोल्फच्या मैदानात दिसते तशी एक छोटी विजेची गाडी सुमारे दोन किलोमीटर ये-जा करते. वेग जास्तीत जास्त ताशी १२ किलोमीटर. मे २०२३ मध्ये ही गाडी जपानमधली पहिली 'लेव्हल ४' प्रवासी सेवा ठरली. लेव्हल म्हणजे गाडी चालवण्याचं किती काम यंत्राकडे आहे, ते सांगणारा शून्य ते पाच यांमधला आकडा. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर ताशी शंभरने धावणारी, कॅमेरा-रडार लावलेली वीस-पंचवीस लाखांची एसयूव्ही मात्र 'लेव्हल २'.

पहिल्यांदा ऐकताना हे उलटंच वाटतं. खरं तर इथे कुणाची हुशारी मोजलेलीच नाही. एइहेइजीच्या गाडीखाली, रस्त्याच्या पोटात, एक विद्युतचुंबकीय तार पुरलेली आहे. गाडी ती तार धरून चालते. मार्ग ठरलेला, वेग ठरलेला, इतर मोटारी तिथे येत नाहीत. म्हणून त्या दोन किलोमीटरपुरती सगळी जबाबदारी यंत्र उचलू शकतं. ते काम अर्धं गाडीने केलं आणि अर्धं रस्त्याने.

आपल्याकडे जाहिरातीत, शोरूममध्ये, यूट्यूबवरच्या परीक्षणांत फक्त गाडीचा आकडा सांगितला जातो. रस्त्याचं नावही निघत नाही. रस्ता वगळून सांगितलेला गाडीचा आकडा अपुरा असतो, आणि कधी कधी धोकादायकही. रस्त्यालाही दर्जा देण्याची पद्धत तयार झालेली आहे. दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्या की बराच गोंधळ सुटतो.

आधी गाडीचं बघू. २०१३ च्या सुमारास जर्मनीच्या रस्ते संशोधन संस्थेची मोजपट्टी वेगळी होती आणि अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याची वेगळी. जानेवारी २०१४ मध्ये 'एसएई' या अभियंत्यांच्या संघटनेने जे३०१६ नावाचा दस्तऐवज काढला. त्यात शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या होत्या. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने आपली पट्टी सोडून हीच घेतली. शेवटची मोठी सुधारणा एप्रिल २०२१ मध्ये झाली. आज जगभर 'लेव्हल' म्हटलं की हीच पट्टी असते.

या पट्टीने गाडी चालवण्याच्या क्रियेचे तुकडे केले. स्टिअरिंग कोण सांभाळतं? वेग आणि ब्रेक कोण सांभाळतं? आजूबाजूला काय चाललंय त्यावर लक्ष ठेवून प्रतिसाद कोण देतं? आणि सगळं बिघडलं तर गाडी सुरक्षित कोण आणतं? या चार प्रश्नांची उत्तरं 'माणूस' की 'यंत्र' अशी लिहीत गेलं की लेव्हल जवळजवळ आपोआप मिळते.

समोर अचानक कुणी आलं तर स्वतःहून करकचून ब्रेक मारणारी यंत्रणा कितव्या लेव्हलला असेल? शून्य. कारण ती क्षणभर मदत करून बाजूला होते, सलग गाडी चालवत नाही. तिच्यामुळे जीव वाचतात हे खरं, पण ही पट्टी किती जीव वाचले ते मोजत नाही. काम कुणाकडे आहे तेवढंच मोजते. लेव्हल १ मध्ये स्टिअरिंग किंवा वेग यांपैकी एकच गोष्ट यंत्र सलग सांभाळतं, उदाहरणार्थ पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल. लेव्हल २ मध्ये दोन्ही. गाडी लेनच्या मध्ये राहते, पुढच्या वाहनामागे वेग कमी-जास्त करते, आणि आपण नुसतेच बसलोय असं वाटायला लागतं.

पण लेव्हल २ मध्ये आपण नुसते बसलेले नसतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेल्या शिक्षकासारखं आपलं काम असतं: चाकावर हात त्याचे नसले तरी नजर सतत रस्त्यावर, पाय ब्रेकजवळ, आणि चूक झाली तर जबाबदारी त्याची. शिक्षक थकतो, कंटाळतो, तसे आपणही कंटाळतो. दुसऱ्याचं बरोबर चाललेलं काम तासन् तास निरखत बसणं माणसाला जमत नाही.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात एका स्वयंचलित चाचणी गाडीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि ती दगावली. गाडीत देखरेखीसाठी माणूस होता. त्याची नजर मोबाइलवर होती. चौकशीत निघालं की यंत्रणेला ती महिला ५.६ सेकंद आधी जाणवली होती. पण सायकल ढकलत चाललेली ती व्यक्ती कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल अशी ठरत राहिली, आणि दर वेळी ती पुढे कुठे जाईल याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे त्या सॉफ्टवेअरने धरलेलंच नव्हतं. आपल्या रस्त्यांवर तर माणूस कुठेही रस्ता ओलांडतो.

लेव्हल २ आणि ३ यांच्यामधली रेघ या सगळ्या पट्टीतली सर्वांत महत्त्वाची. तिच्या अलीकडे लक्ष ठेवणं माणसाचं काम, पलीकडे यंत्राचं. लेव्हल ३ चालू असताना तुम्ही कायदेशीरपणे रस्त्यावरून नजर काढू शकता. अट एकच: गाडीने बोलावलं की परत चाक हातात घ्यायचं. होंडाने मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये लेजंड मोटारीच्या फक्त शंभर गाड्या अशा सोयीसह भाडेतत्त्वावर दिल्या. मर्सिडीजच्या 'ड्राइव्ह पायलट'ला डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत मान्यता मिळाली.

ड्राइव्ह पायलटच्या अटी वाचल्या की ती सोय कुठे संपते ते नेमकं दिसतं. सुरुवातीला ती फक्त ताशी ६० किलोमीटरपर्यंत चालायची, म्हणजे प्रत्यक्षात जर्मन महामार्गावरच्या ट्रॅफिक जॅममध्ये. त्यासाठी १३,१९१ किलोमीटर महामार्ग ठरवलेला होता, त्याच्या बाहेर नाही. पाऊस नको. बोगदा नको. रस्त्याचं काम चालू असेल तर नको. चाकाजवळच्या पोकळीत ओलावा ओळखणारा सेन्सर बसवला होता, आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकायला मायक्रोफोन. पुढे वेगमर्यादा ताशी ९५ पर्यंत वाढली, तरी बाकीच्या अटींचं स्वरूप तेच राहिलं.

कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला, कोणत्या हवामानात, दिवसा की रात्री, अशा अटींची जी चौकट असते तिला या क्षेत्रातले लोक 'ओडीडी' म्हणतात. आपण तिला गाडीची कार्यकक्षा म्हणू. लेव्हल ४ म्हणजे कार्यकक्षेत असेपर्यंत माणसाची गरजच नाही. अडचण आली तर गाडी स्वतःच सुरक्षित जागी थांबते, कुणाला हाक मारत नाही. वेमो या अमेरिकी कंपनीच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२० पासून तिथल्या फिनिक्स शहराच्या भागात ड्रायव्हरशिवाय सर्वसामान्य प्रवाशांना नेतात, तरी प्रवाशांना फ्रीवेवरून, म्हणजे तिथल्या जलद महामार्गांवरून, नेण्याची सेवा २०२५ मध्ये आली. गाड्या लेव्हल ४ च्याच होत्या; कार्यकक्षा हळूहळू वाढवत नेली. लेव्हल ५ मध्ये कक्षाच नाही: कुशल माणूस जिथे चालवू शकेल तिथे सगळीकडे यंत्र चालवेल. अशी गाडी आज जगात कुठेही नाही.

आता कार्यकक्षा ठरवतं कोण? वरवर कंपनी. पण तिच्यातल्या निम्म्याहून अधिक अटी रस्त्याशी जोडलेल्या असतात. मग रस्त्याच्या बाजूने हा प्रश्न विचारायला नको का?

तो युरोपात विचारला गेला. जून २०१७ ते मे २०२० या काळात 'इन्फ्रामिक्स' नावाचा युरोपीय संघाचा प्रकल्प चालला. रस्त्यावर माणसं चालवत असलेल्या आणि स्वयंचलित अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या एकत्र धावणार असतील तर महामार्ग कसा असावा, हा त्याचा विषय. चाचण्या ऑस्ट्रियात ग्राट्स शहराजवळच्या ए२ महामार्गावर आणि स्पेनमध्ये बार्सिलोना ते जिरोना पट्ट्यातल्या एपी-७ वर झाल्या. याच कामातून 'आयसॅड' ही श्रेणी आली: रस्ता स्वयंचलित वाहनाला किती आधार देतो याचे ए ते ई असे पाच दर्जे. 'ए' सर्वांत वरचा, 'ई' सर्वांत खालचा. २०१८ मध्ये कोपनहेगनच्या जागतिक परिषदेत ती मांडली गेली.

हे दर्जे पाठ करण्यात अर्थ नाही. एकच प्रसंग घेऊ. समजा ए२ वर उजवी लेन दुरुस्तीसाठी बंद केली आहे, नारिंगी शंकू तिरके लावत लावत वाहतूक डावीकडे ढकलली आहे, आणि एक स्वयंचलित गाडी ताशी १३० ने येते आहे.

रस्ता 'ई' दर्जाचा असेल तर तो गाडीला काहीच सांगत नाही. पाट्या, पट्टे, शंकू, सगळं तिने स्वतःच्या कॅमेऱ्याने ओळखायचं. शंकू शंभर मीटरवरून ओळखू आले तर या वेगात हातात तीन सेकंदांपेक्षाही कमी वेळ उरतो. 'डी' दर्जाला गाडीकडे खात्रीलायक डिजिटल नकाशा असतो: लेन किती, वळण कसं, कायमच्या पाट्या कुठे. सरळ प्रवासात त्याचा मोठा आधार. पण आज सकाळी लावलेले शंकू नकाशात नाहीत. नकाशा म्हणतो तीन लेन, कॅमेरा म्हणतो दोन. कुणाचं खरं मानायचं? पुष्कळदा अशा वेळी यंत्राने माणसाला हाक मारणं हेच शहाणपण ठरतं.

'सी' दर्जाला चित्र बदलतं. इथे रस्त्यावरची बदलती माहिती, म्हणजे काम, अपघात, धुकं, तात्पुरती वेगमर्यादा, गाडीला वाचता येईल अशा संदेशाच्या रूपात मिळते. रस्त्याकडेच्या खांबावर बसवलेला छोटा रेडिओ संच ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपास हे संदेश सोडतो, किंवा ते मोबाइल नेटवर्कवरून येतात. दोन किलोमीटर आधी 'उजवी लेन बंद' कळलं तर १३० च्या वेगाला जवळजवळ ५५ सेकंद मिळतात.

या ५५ सेकंदांची किंमत पाहा. लेव्हल ३ साठी संयुक्त राष्ट्रांचा नियम १५७ आहे. तो जून २०२० मध्ये मंजूर झाला, आधी ताशी ६० साठी, आणि २०२२ च्या दुरुस्तीने १३० पर्यंत नेला. साधारणपणे, गाडीने माणसाला हाक मारल्यावर किमान दहा सेकंद वाट पाहायची आणि मगच स्वतः थांबायला लागायचं, असं त्यात आहे. १३० च्या वेगात दहा सेकंद म्हणजे ३६० मीटर. शंभर मीटरवर शंकू दिसणाऱ्या गाडीला हे गणित बसवता येत नाही. दोन किलोमीटर आधी कळलेल्या गाडीला आरामात बसवता येतं. गाडी तीच, सॉफ्टवेअर तेच. रस्त्याने दर्जा बदलला आणि एक सोय शक्य झाली.

'बी' दर्जाला रस्त्यालाच डोळे असतात. कडेचे कॅमेरे आणि रडार प्रत्येक वाहन टिपतात, आणि वळणापलीकडे थांबलेला ट्रक तुमच्या गाडीला दिसण्याआधी कळतो. 'ए' दर्जाला रस्ता सल्लाही देतो: इतका वेग ठेवा, इतकं अंतर सोडा, इथून डावीकडे सरका. लेन कमी होते तिथे सगळ्यांनी शेवटच्या क्षणी घुसण्याऐवजी आधीपासून जागा करून दिली तर कोंडी होतच नाही किंवा कमी होते, हा त्यामागचा विचार. गाडी तरीही रिमोटवर चालत नाही. सल्ला पाळायचा की नाही ते तीच ठरवते.

यातली एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेत, झळकणारे फलक आहेत, म्हणजे तो 'स्मार्ट' झाला असं आपण म्हणतो. फलक माणसाच्या डोळ्यांसाठी असतो. वेग पकडणारा कॅमेरा दंडासाठी असतो. तीच माहिती शेजारून जाणाऱ्या गाडीच्या संगणकापर्यंत पोचते का, एवढंच आयसॅड विचारतं. कॅमेरे कितीही लावले तरी या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर दर्जा वर चढत नाही.

आयसॅडमध्ये मला एक मोठी उणीव दिसते. ती डिजिटल आधार मोजते. डांबर, पट्टे आणि वळणं मोजत नाही. आणि आजच्या गाड्या मुख्यतः त्यांच्यावरच चालतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी लेव्हल २ ची गाडी वेगवेगळ्या वळणांवरून नेऊन पाहिली. त्यांना दिसलं की वळण जसं घट्ट होतं तसा यंत्रणेला लेन धरून ठेवता येण्याजोगा वेग झपाट्याने उतरतो, आणि कित्येकदा रस्ता ज्या वेगासाठी बांधला आहे त्याच्याही खाली जातो. माणूस सहज घेतो ते वळण यंत्र मध्येच सोडून देतं. जागतिक रस्ते संघटनेने, म्हणजे 'पिआर्क'ने, २०२१ मध्ये रस्त्यांची जी पाच दर्जांची वर्गवारी मांडली तिच्यात हे दोन्ही धागे एकत्र आहेत: रस्त्याची प्रत्यक्ष बांधणी यंत्राला किती मानवते, आणि डिजिटल आधार किती. ही जोड मला जास्त पटते. दर्जा अख्ख्या महामार्गाला न देता तुकड्यातुकड्याला द्यायचा, हेही महत्त्वाचं. लोणावळ्याच्या अलीकडचा घाट आणि पलीकडचा सरळ पट्टा यांना एकच अक्षर देऊन कुणाचा उपयोग?

पट्ट्यांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा इथेच आहे. लेन सांभाळणारा कॅमेरा काळ्या डांबरावरची पांढरी रेघ शोधतो. रेघ रुंद, सलग आणि रात्री प्रकाश परत फेकणारी असेल तर त्याचं काम सोपं. युरोपातल्या रस्ता सुरक्षा संस्था १५ सेंटिमीटर रुंदीच्या, ओल्या रस्त्यावरही चमकणाऱ्या पट्ट्यांचा आग्रह धरत आल्या आहेत. अमेरिकेच्या रस्तेचिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यात स्वयंचलित वाहनांसाठी एक स्वतंत्र भागच घातला आहे. रुंद, ठळक रेघ वयस्कर चालकाला, पावसातल्या ट्रकवाल्याला आणि दुचाकीस्वारालाही लगेच उपयोगी पडते. त्यासाठी एकही स्वयंचलित गाडी विकली जायची वाट पाहावी लागत नाही.

रेडिओ संचांचं तसं नाही. संदेश ऐकणाऱ्या गाड्या नसतील तर खांब कोण उभारणार, आणि खांब नसतील तर गाडीत संच कोण बसवणार? फोक्सवॅगनने २०१९ च्या गोल्फमध्ये तो बसवायला सुरुवात केली. ऑस्ट्रियासारख्या देशांनी महामार्गावर खांब उभारले. उलट अमेरिकेने २०२० मध्ये याच कामासाठी राखलेल्या रेडिओ पट्ट्याचा मोठा भाग वाय-फायला देऊन टाकला. वेमोसारख्या कंपन्या तर खांबांच्या भरवशावर राहतच नाहीत. सगळं गाडीवरच बसवतात आणि स्वतःचा नकाशा स्वतः बनवतात. माझ्या मते शहरात, ठरावीक हद्दीत ते चालतं. हजारो किलोमीटरच्या महामार्गावर रस्त्याची जोड स्वस्त पडेल. आणि रस्त्याने चुकीचा संदेश दिला तर जबाबदार कोण, हा प्रश्न वरच्या दर्जांवर अजून कायद्याने नीट बांधायचा आहे.

आपल्याकडे चालकविरहित गाड्या येऊ देणार नाही, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. कारण चालकांचे रोजगार. तो मुद्दा रास्तच आहे. पण लेव्हल २ च्या गाड्या २०२१ पासून इथे विकल्या जात आहेत, एमजी अ‍ॅस्टर आणि एक्सयूव्ही ७०० पासून पुढे कितीतरी. म्हणजे प्रश्न दारात नाही, घरात आहे.

अशा गाडीत बसून राज्य महामार्गावर निघा. मीटरच्या पडद्यावर स्टिअरिंगची छोटी खूण हिरवी होते, दोन्ही बाजूंच्या रेघा उजळतात, चाक हातात हलकंसं ओढ घेतं. मग नव्याने डांबर टाकलेला पट्टा येतो. वरून गुळगुळीत, पण पट्टे अजून मारलेले नाहीत. खूण पुसट होते, कधी एखादी टिंग वाजते, कधी तीही नाही. चाकाची ओढ गेली, हे तळव्याला कळतं तेव्हाच कळतं. तिथून पुढे गाडी लेव्हल १ झालेली असते. विकताना हे कुणी सांगत नाही, कारण पत्रकावर एकच आकडा छापलेला असतो.

समृद्धीवर उलटी अडचण आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. लांबच लांब सरळ पट्टे, ठळक रेघा. लेव्हल २ ला हवा तसा रस्ता. पण तिथे चालकाची तंद्री लागते ही आधीपासूनची तक्रार आहे, आणि अर्धं काम यंत्राने घेतल्यावर ती वाढायचीच शक्यता अधिक. समोर आलेलं जनावर किंवा उलट दिशेने येणारं वाहन यंत्र वेळेत ओळखेलच याची हमी कुठलीही कंपनी देत नाही. म्हणून चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवून डुलकी लागताच उठवणारा कॅमेरा ही सोय माझ्या दृष्टीने लेन सांभाळण्याइतकीच महत्त्वाची आहे. गाडी निवडताना ती आहे का ते आधी बघावं.

रस्त्यांच्या बाजूने करण्यासारखं काम ठरलेलं आहे. पट्ट्यांचे निकष इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३५ मध्ये आहेतच. डांबरीकरणाच्या कंत्राटात पट्टे मारल्याशिवाय रस्ता वाहतुकीला खुला होणार नाही अशी अट घालून ती पाळून घेतली, आणि चालू कामांची जागा व वेळ खात्याने रोज डिजिटल रूपात सर्व नकाशावाल्यांना खुली केली, तर पुष्कळसे रस्ते एका पावसाळ्याच्या आत यंत्रालाही आणि माणसालाही नीट वाचता येतील. यातल्या कशालाच खांब, रडार किंवा नवा कायदा लागत नाही.

आणि गाडी घेणाऱ्याने ती विकत घेण्याआधी मालकाची पुस्तिका मागून घ्यावी आणि तिच्यातलं मर्यादांचं प्रकरण वाचावं. किती वेगापासून किती वेगापर्यंत, किती तीव्र वळणापर्यंत, पावसात काय, रेघ नसेल तर काय, बंद पडताना इशारा कसा मिळतो, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. तीच त्या गाडीची कार्यकक्षा. ती आपल्या रोजच्या रस्त्याशी ताडून बघायची.